खांबावरची भैरवी

भैरवीला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा अख्ख्या लेआउटला वाटलं, आपल्यालाच मिळालं. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा, नागपूरभरातल्या शाळा, आणि त्यात आपली पोरगी व्यासपीठावरून ठणकावून सांगतेय की आमच्याकडे सोलरचा दिवा लागला आणि रस्ता कसा बदलला! उदाहरण घरचंच होतं. लेआउट म्हणजे शहराच्या पार कडेला प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, मंजुरी अर्धवट, विजेच्या खांबांची लाईन मोठ्या रस्त्यापाशीच अडलेली. आत वळलं की आधी रस्त्यावरचा ब्रेकर, मग मोकळे प्लॉट, मग घरं. पावसाळा संपल्यावर त्या ब्रेकरपाशी सोलरचा खांब उभा राहिला. ना वायर, ना मीटर. दिवसभर ऊन प्यायचं आणि संध्याकाळी उजेड द्यायचा.

भाषणातल्या सगळ्यात जास्त टाळ्या मात्र गोपिकाकाकूंच्या वाक्याला पडल्या. गोपिकाकाकू म्हणजे भैरवीच्या वर्गातल्या मिनलची आई. रामदासपेठेत घरोघरी स्वयंपाक करायच्या आणि दिवेलागणीनंतर सायकलीनं परत यायच्या. "माझ्या गोपिकाकाकू आता अंधाराला घाबरत नाहीत," भैरवी म्हणाली, मग एक श्वास थांबली (तो श्वाससुद्धा आरशासमोर बसवलेला होता!), "कारण सूर्य त्यांना घरापर्यंत सोडायला येतो!"

टाळ्या थांबेचनात.

मग काय, फ्लेक्स तर पाहिजेच. तिचा चुलतभाऊ केयूरदादा फ्लेक्सच्याच दुकानात कामाला. त्यानं सगळी हौस फेडून घेतली. मध्यभागी भैरवीचा हसरा चेहरा, मागून सूर्याची किरणं, खाली "लेआउटची शान", आणि त्याच्याही खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्यात बाबा, लेआउटातले वडीलधारे नानाजी आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता असे शेजारचे मनोहररावसुद्धा. वर आणखी कमाल म्हणजे भैरवीचं डोकं त्यानं फ्रेमच्या बाहेर काढलं होतं, कटआउटसारखं, उंच बांधलेल्या अंबाड्यासकट.

रविवारी फ्लेक्स चढला. बांबूची फ्रेम, सुतळी, आणि लेआउटच्या तोंडाशी खांब एकच, तो सोलरचा. भैरवी रस्त्यापलीकडे उभी राहून हातवारे करत होती. खांबाला टेकून रुपरावकाकांचा भाजीचा ठेला असायचा. फुलकोबीच्या ढिगामागे फ्लेक्सवरची तिची हनुवटी जात होती.

"दादा, वर घे ना गा!"

"अजून किती वर?"

"स्कूल बसमधून दिसली पाहिजे मी."

"इलेक्शनले उभी राहून राहिली का वं तू?"

रुपरावकाका ठेल्यामागून हसले. "घे रे बाबू, वर घे. माह्या गोबीवर पोरीचं तोंड पाहून गिऱ्हाईक पळून जाईन नाही तं."

बाबा मान वर करून बघत होते. बाबांना तिनं इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. फ्लेक्स वर गेला. डोकं दिव्याच्याही वर गेलं.

सोमवारी बसमध्ये जे काय झालं, विचारू नका! सगळ्या पोरी एका खिडकीशी. "अगं, केवढी मोठी आहेस तू!" भैरवी म्हणाली, "मी तर नको म्हणत होते." आणि हे खोटं तिला इतकं गोड लागलं की दुसऱ्या दिवशी तिनं ते पुन्हा सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी गोपिकाकाकू ब्रेकरवर पडल्या.

आवाज ऐकून माणसं धावली. मिट्ट काळोख. मोबाईलच्या टॉर्चमध्ये काकू रस्त्यावर बसलेल्या दिसल्या, एक हात पोटाशी धरून. सायकलचं हँडल वाकडं झालं होतं आणि डब्याचं झाकण कुठल्याकुठे गेलं होतं.

"लाईटच नव्हता ना बाप्पा," काकू म्हणाल्या. "दिसलाच नाही ब्रेकर."

"कालपासून असंच हाये," रुपरावकाका म्हणाले. "लागते, अन् थोड्या वेळानं फुस्स."

"सोलर-फोलर सब दिखावा हाये," मनोहरराव म्हणाले. "हलका माल आणून लावला."

"हो ना! लावून जातात आणि मग ढुंकून पाहत नाहीत!" हे मोठ्यानं कोण म्हणालं? भैरवी म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला वाटलं, बघा, मला कसं पटकन सुचतं.

काकूंनी चांगल्या हातानं तिचा हात धरून उठायला आधार घेतला. "तुहा फोटो आला का मले वाटे, आलं घर," त्या कण्हत म्हणाल्या. मनगट मोडलं होतं.

सकाळी बसची वाट पाहत भैरवी खांबाखाली उभी राहिली. ऊन कोवळं, थंडीतलं, मोठ्या रस्त्याच्या बाजूनं तिरपं येणारं. सवयीनं तिनं मान वर करून स्वतःला पाहिलं. समोरून छानच दिसत होती. मग बस अजून येत नव्हती म्हणून ती सहज मागे गेली, मागून कशी दिसते ते पाहायला.

दिव्याच्या डोक्यावरच्या पॅनलवर सावली पडली होती. गोल सावली, आणि तिच्यावर एक छोटी गोल सावली.

तो तिचा अंबाडा होता.

तिला समजावून सांगायला कोणी लागणारच नव्हतं! भाषणाच्या तिसऱ्या परिच्छेदात तिनंच म्हटलं होतं: "मित्रांनो, या पॅनलवर झाडाच्या फांदीची सावलीसुद्धा पडू देऊ नका." फांदीची नव्हती पडली. भैरवीची पडली होती, आणि तीही रविवारपासून.

बसमध्ये मिनलची जागा रिकामी होती. ती आईच्या बदली पोळ्या लाटायला गेली होती.

त्या दिवशी भैरवीनं काय काय नाही ठरवलं! दादाला सांगू, फ्लेक्सवर माझं नाक वाकडं आलंय, काढ. नाही तर म्हणू, बाईंना शाळेत लावायला हवाय. किंवा वारा सुटेल. वारा सुटला तर किती बरं होईल, आपोआप पडेल, कोणाला काही कळणार नाही. पण नागपूरची ती कोरडी थंडी, झाडाचं पान हलेल तर शपथ. प्रत्येक युक्तीत तिची लाज वाचत होती, आणि प्रत्येक युक्तीनंतर तिला मिनलचे पोळपाटावरचे हात दिसत होते. मिनलला गोल पोळी येत नाही, यावरून दोघी किती हसायच्या.

दुपारी ती घरी आली तर खांबाखाली ही गर्दी. नानाजी, बाबा, मनोहरराव, आणि प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून गोपिकाकाकू. तक्रार करायला सगळे महापालिकेच्या झोनच्या ऑफिसात निघाले होते.

"आली, आली!" नानाजी काठी उंचावून म्हणाले. "बोलायचं हिनंच. काय बोलशील, आम्हाला आधी ऐकव."

"बोल वं माय," काकू म्हणाल्या. "तुले सांगता येते. आमचं कोण आयकते?"

भैरवीनं तोंड उघडलं. एक श्वास थांबली. हा बसवलेला नव्हता. आणि जिला विषय दिला की शब्द नळासारखे येतात तिच्या तोंडून एवढंच निघालं, "माझं डोकं मध्ये येतंय."

सगळे हसले. "काहून, दुखून राहिलं का?" रुपरावकाकांनी विचारलं.

"दिवा चांगला आहे," ती म्हणाली. "माल हलका नाही. माझ्या फ्लेक्सची सावली पडते पॅनलवर. मीच म्हटलं होतं, वर घे. मला सकाळीच कळलं होतं. आणि काकू, काल तुम्ही पडलात तेव्हा मी दुसऱ्यांनाच बोलले."

एकेकानं मान वर केली. ऊन कललं होतं, पण थंडीतला सूर्य दिवसभर दक्षिणेलाच, मोठ्या रस्त्याच्या बाजूला; पॅनलच्या एका टोकाला सावली अजून होतीच. मनोहरराव स्वतःच्या गोल फोटोकडे पाहून खाकरले.

आता कोणी काही बोलायच्या आत भैरवी ठेल्यावर चढली. "अवं, वांगे सांभाळ!" म्हणत रुपरावकाकांनी ठेला धरला आणि भाजीचा विळा तिच्या हातात दिला. एकेक सुतळी तुटली. डोकं सगळ्यात शेवटी खाली आलं, फुलकोबीवर.

"सगळ्यांसमोर कशाला?" बाबा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा तिला बघवेना. "मला सांगितलं असतंस. चुपचाप उतरवला असता."

"हो बाबा. पण मग काकूंना कोण सांगणार होतं?"

काकू अजून वरच बघत होत्या, रिकाम्या खांबाकडे. मग म्हणाल्या, "भाषणात तू माहं नाव घेतलं म्हणे. मिनल सांगे."

"हो."

"मी अंधाराले भेते म्हणे."

भैरवी सुतळीचे तुकडे वेचू लागली.

"मले विचारलं होतं का? मी अंधाराले कधीच नाही भ्याली वं. मिनलच्या बापाच्या मागं अंधारातच तं पोरगी वाढवली. मले फक्त थो ब्रेकर दिसे नाही." त्यांनी प्लास्टरवरची धूळ झटकली. "अन् हा फ्लेक्स फेकू नको. माह्या न्हाणीले छप्पर पाहिजे."

"तोंड खाली करून टाका, काकू," भैरवी पुटपुटली.

"कसंबी टाकीन," काकू म्हणाल्या आणि घराकडे वळल्या. माफ केलं की नाही, ते काही म्हणाल्या नाहीत. भैरवीची विचारायची हिंमत झाली नाही.

एका दुपारच्या उन्हानं कुठली बॅटरी भरते? संध्याकाळी दिवा लागला, पिवळा पडला आणि विझला. भैरवी घरातून मोठी टॉर्च घेऊन ब्रेकरपाशी जाऊन उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. सायकल आली, तिनं ब्रेकरवर उजेड टाकला. "हळू, ब्रेकर आहे." स्कूटर आली. "हळू, ब्रेकर आहे."

मागं बसलेली बाई वळून म्हणाली, "अवं, ही थे फ्लेक्सवाली पोरगी नाही का?"

"दिसली नाही बा," पुढचा माणूस म्हणाला.

मिनल पायी आली, आईचा डबा हातात घेऊन. थांबली. तिच्या बोटांना पिठाचा वास येत होता. भैरवीनं टॉर्च तिच्या पायांपुढे धरली, आणि दोघी त्या उजेडाच्या तुकड्यावरून घरापर्यंत गेल्या. मग भैरवी एकटीच परत ब्रेकरपाशी आली, कारण रामदासपेठेकडून कामं आटोपून येणारी माणसं अजून यायची होती.