आतून हाक आली तरच

मी एक डबी बोलतेय. चुन्याच्या डबीहून मोठी आणि जेवणाच्या डब्याहून लहान. रंगानं काळी, पाठीला तारांसाठी दोन भोकं, तोंडावर दोन दिवे, एक हिरवा आणि एक लाल. खोक्यावर माझं नाव फायरवॉल असं छापलं होतं, पण येडशीच्या या घरात त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. भिमाबाईंनी पहिल्याच दिवशी "ही डबी कशाची रं?" असं विचारलं आणि मी कायमची डबी झाले. सध्या माझे दोन्ही दिवे बंद आहेत. मला बोलायला सवड आहे, तुम्हालाही असली तर ऐका.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. मोठा कारखाना होता, पट्ट्यावरून माझ्यासारख्या कितीतरी जणी पुढं सरकत होत्या, आणि कुणाचा चेहरा नीट दिसायच्या आत खोकं बंद झालं. मग पुण्यात ते एका तरुणाच्या हाती पडलं. त्यानं मला रेल्वेनं येडशीला आणलं, तेही मांडीवर घेऊन, कारण बॅगेत मी चेंगरेन अशी त्याला भीती वाटली. तो प्रसेनजित, या घरचा थोरला मुलगा.

त्याचे वडील श्रीपती. धाराशिवला ट्रकच्या गॅरेजात त्यांनी तीस वर्षं मेकॅनिकी केली आणि हातोड्याच्या घणघणाटात दोन्ही कान घालवून घरी बसले. फोनवरचं बोलणं त्यांना अजिबात कळत नसे. पण समोर माणसाचं तोंड दिसलं, ओठ हलताना दिसले, की सगळं समजायचं. प्रसेनजित नोकरीसाठी जर्मनीला निघाला होता. बापाशी बोलायचं तर तोंड दिसायलाच हवं, म्हणून त्यानं मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर घेऊन दिला होता. मात्र त्या कॉम्प्युटरात बाहेरून काहीतरी शिरलं आणि धाकट्या चैतालीच्या लग्नाचे सगळे फोटो कुलूपबंद झाले ते झालेच. भिमाबाई आठ दिवस हळहळत होत्या. मग प्रसेनजितनं दारावर राखण बसवायचं ठरवलं, आणि ती राखण म्हणजे मी.

माझं काम तसं सोपं. बाहेरून आलेली तार एका भोकात, कॉम्प्युटरकडं जाणारी दुसऱ्या भोकात, आणि मधे मी. नियम एकच. आतून कुणी हाक दिली, तर तिचं उत्तर मी आत घ्यायचं. न बोलावता कुणी दारात आलं, तर त्याला तिथूनच परत पाठवायचं आणि वहीत नोंद करायची. मी फक्त पाकिटावरचा पत्ता बघते, आतला मजकूर मला वाचता येत नाही. कोण मायेनं आलंय आणि कोण चोरी करायला, हे मला कळत नाही. बोलावलं होतं का, एवढंच मी विचारते.

मला जोडून झाल्यावर प्रसेनजितनं ऑनलाइन दुकानाच्या पानावर माझ्याबद्दल अभिप्राय लिहिला आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवला. "दोन तारा जोडल्या की काम झालं. आईवडिलांसारख्या साध्या माणसांसाठी उत्तम. काही शिकावं लागत नाही. लावा आणि विसरून जा. पाच तारे." कौतुक कुणाला नको असतं? मी त्या पाच ताऱ्यांवर चार वर्षं फुगून होते.

खरं तर त्या चार वर्षांत मला विसरून जाणं भिमाबाईंना जमलं नाही. रोज सकाळी त्या बुद्धमूर्तीसमोरची जागा पुसायच्या, बाबासाहेबांची तसबीर पुसायच्या आणि त्याच ओघात निळ्या लुगड्याच्या पदरानं माझ्याही अंगावरची धूळ टिपायच्या. "राखण करती बिचारी," असं त्या श्रीपतींना म्हणायच्या. त्यांना ते ऐकू जात नसे. मला जायचं.

या घरात फोनची एक जुनी रीत होती. प्रसेनजित लातूरला होस्टेलवर असताना एकच रिंग देऊन फोन ठेवायचा आणि मग भिमाबाई इकडून लावायच्या. लेकरानं खर्च करायचा नाही, हा त्यांचा कायदा. पुढं लेकरू जर्मनीत कमवायला लागलं, कॉललाही पैसे पडेनासे झाले, तरी कायदा तोच राहिला. रविवारी संध्याकाळी सहाला भिमाबाईंचा मोबाइल एकदा थरथरायचा. "आलं बघा त्याचं," असं म्हणत त्या कॉम्प्युटरपुढं बसायच्या, प्रसेनजितच्या फोटोवर बटण दाबायच्या, आणि आतून हाक निघाली म्हटल्यावर मी दार सताड उघडायची. मग श्रीपती खुर्ची पुढं ओढायचे आणि पोराच्या ओठांकडं बघत बसायचे. कधीकधी बोलायला काही नसायचं, तरी ते बघत बसायचे.

गेल्या वर्षी भिमाबाई गेल्या. दुपारी छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं. प्रसेनजित तिसऱ्या दिवशी पोचला. दारात माणसं बसलेली होती. सगळ्यांसमोर श्रीपती त्याला म्हणाले, "आता कुणाला बघायला आलास?"

दुःखात माणूस जवळच्यालाच बोलतो, हे मी या घरात राहून शिकले. पण प्रसेनजितला ते लागलं. पंधरा दिवस राहिला, सगळं केलं, आणि निघताना बापासमोर उभा राहून, ओठ नीट दिसतील असं सावकाश बोलला. "बाबा, आता आई नाही. दर रविवारी सहा वाजता मीच लावत जाईन. तुम्ही काही दाबायचं नाही. फक्त समोर बसायचं."

श्रीपतींनी मान हलवली. मी मात्र हादरले. अरे बाबा, तूच मला शिकवलंस, आतून हाक आली तरच. या घरात आजवर बाहेरून पहिली हाक कधी आलीच नव्हती, त्यामुळं ती मी आत येऊ देणार नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही. मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते.

पहिल्या रविवारी श्रीपतींनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि साडेपाचलाच येऊन बसले. बरोबर सहाला बाहेरून हाक आली. पत्ता ओळखीचा होता, चार वर्षं मी तिथल्याच गोष्टी आत घेत होते. पण आतून कुणी बोलावलं नव्हतं. मी परत पाठवली. लाल दिवा एकदा लुकलुकला. पाच मिनिटांनी पुन्हा आली, पुन्हा परत पाठवली. श्रीपती साडेसातपर्यंत कोऱ्या पडद्याकडं बघत होते. मग उठले आणि सदरा काढून खुंटीला लावला.

असे रविवारांमागून रविवार गेले. चैताली धाराशिवला राहते. रविवारी तिच्या शिकवण्या असतात, म्हणून ती गुरुवारी यायची. एका गुरुवारी ती म्हणाली, "बाबा, दादा म्हणतो त्यो दर रविवारी लावतो. तुमीच घेत न्हाय."

"खोटं बोलतोय," श्रीपती म्हणाले. "म्या हितंच बसून असतो. मुतायलासुदिक उठत न्हाय."

"मग त्यो कशाला खोटं बोलंल?"

"म्या तवा बोललो त्याला, त्ये धरून बसलाय. बोलला असता तोंडावर, तर बरं वाटलं असतं."

चैतालीनं कॉम्प्युटर तपासला. बातम्या उघडल्या, गाणं लागलं, कॅमेऱ्यात तिचा चेहरा दिसला. सगळं ठीक. आतून मागितलं की मी सगळं देतेच. तिनं आपल्या मोबाइलवर भावाचा चेहरा लावून बापासमोर धरला, तर श्रीपतींनी तोंड फिरवलं. "त्यानं माझ्या घरी लावावं. तुझ्या फोनवर भीक नगं मला." पलीकडं प्रसेनजितनं बापाचं फिरवलेलं तोंड तेवढं बघितलं. "राहू दे चैताली, बाबांना नाही बोलायचं तर जबरदस्ती नको," असं म्हणून त्यानं ठेवलं.

"तुमीच का लावत न्हाय मग?" तिनं विचारलं.

"त्यो म्हणालाय, म्या लावीन. त्याच्या तोंडचं वाक्य हाय. बघतोच म्या." मग जरा वेळानं, काहीतरी आठवून, ते म्हणाले, "आन् ती डबी बिघडली वाटतं गं. रविवारी सहा वाजले की लाल डोळा मारती."

चैताली हसली. मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. म्हाताऱ्यानं अगदी बरोबर पाहिलं होतं, आणि त्याचं कुणी ऐकलं नाही.

भिमाबाई नव्हत्या, त्यामुळं माझ्यावर धुळीचा थर चढत होता. तो लाल दिवा लुकलुकला की श्रीपतींना वाटायचं धुळीनं होत असेल, मग ते सदऱ्याच्या बाहीनं मला पुसायचे. मी त्यांच्या पोराची हाक परत पाठवत होते आणि ते मला पुसत होते.

भिमाबाईंचं वर्ष रविवारी आलं. सकाळी विहारातले भन्तेजी येऊन गेले, गाथा झाल्या, खीरदान झालं, माणसं पांगली. चैताली थांबली होती. आईचा एखादा हसरा फोटो फ्रेमसाठी मिळतो का, हे बघायला तिनं पेटीतून आईचा मोबाइल काढला आणि माझ्याशेजारी चार्जिंगला लावून चालू केला. आईचा नंबर दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून वर्षभर ती त्या बंद फोनवर रिचार्ज मारत आली होती.

सहा वाजता बाहेरून हाक आली नाही. वर्षभरात पहिल्यांदाच लाल दिवा लागला नाही, आणि दमला बिचारा, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात टेबल थरथरलं. भिमाबाईंच्या मोबाइलचा पडदा उजळला, त्यावर प्रसेनजितचं नाव आलं, आणि एका रिंगमध्ये बंद झालं.

श्रीपतींना आवाज ऐकू गेला नाही. उजेड दिसला. ते त्या फोनकडं बघत राहिले. चैताली स्वयंपाकघरात होती. "आलं बघा त्याचं," असं ते अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले. मग खुर्ची ओढली, माउस हातात धरला आणि भिमाबाई दाबायच्या त्या फोटोवर बटण दाबलं.

आतून हाक निघाली. मी किती वेगानं दार उघडलं, ते माझं मला माहीत.

प्रसेनजितचा चेहरा आला. वाळला होता, दाढी वाढली होती.

"कुठं व्हतास रं वर्षभर?" श्रीपतींनी विचारलं.

"बाबा, मी दर रविवारी लावत होतो."

"म्या दर रविवारी हितं बसून व्हतो."

दोघंही खरं बोलत होते, आणि त्या खोलीत हे ठाऊक असलेली मी एकटीच होते.

"आज मग फोन कसा केलास? माय गेली, त्यो कोण उचलनार व्हतं?"

"कुणी उचलावा म्हणून नव्हता केला, बाबा. आज राहवलं नाही." मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. "बाबा, तुम्ही लावलं तर लगेच लागलं. ती डबी अजून जोडलेली आहे का?"

"व्हय. सहा वाजता डोळा मारती."

प्रसेनजितनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग चैतालीला बोलावून त्यानं माझी वही कशी उघडायची ते सांगितलं. पडद्यावर यादी आली. तारीख, वेळ, बाहेरून हाक, आतून बोलावणं नाही, परत पाठवली. श्रीपती सातवी शिकलेत, आकडे त्यांना नीट वाचता येतात. ते प्रत्येक ओळीवर बोट ठेवत खाली आले. एकही रविवार सुटला नव्हता. बुद्धपौर्णिमेला दोनदा. चौदा एप्रिलला चारदा. त्या दिवशी श्रीपती नवा सदरा घालून, मिरवणुकीला न जाता, दिवसभर इथंच बसले होते.

त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "म्या तुला खोटारडा म्हणालो रं," ते म्हणाले. "तवाबी वंगाळ बोललो, आन् आताबी." सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले. प्रसेनजितही रडत होता, आणि ओठ हलत नव्हते तरी श्रीपतींना सगळं समजत होतं.

पुढच्या आठवड्यात घरात नवा मोडेम आला. राखणीचं काम तोच करतो, आणि प्रसेनजितनं त्याला आपला पत्ता ओळखायला शिकवलाय. माझ्या तारा निघाल्या. चैताली मला कचऱ्यात टाकायला निघाली, तर श्रीपती म्हणाले, "फेकू नगंस. तिनं समदं लिहून ठिवलं म्हणून कळलं." मग त्यांनी दुकानाच्या पानावर माझ्याबद्दल अभिप्राय लिहायला लावला. ते सांगत गेले, चैतालीनं जसंच्या तसं उतरवलं. "डबी इमानदार हाय. सांगितलं तेवढंच करती. पन घरात म्हातारं मानूस वाट बघत बसलं असंल, तर त्याला म्हणावं, तूबी हाक दे. पोरानं लिवलंय, लावा आन् इसरून जा. लावा, पन इसरू नगा." तारे किती द्यायचे, असं तिनं विचारलं. "तीन दे," ते म्हणाले, "दोन माझ्या चुकीचे कापले."

आता मी भिमाबाईंच्या पत्र्याच्या पेटीत असते, त्यांच्या निळ्या लुगड्याच्या घडीवर. पदर माझ्या खालीच आहे, पण तो आता मला पुसत नाही. मोबाइल मात्र बाहेर टेबलावर, माझ्या जुन्या जागी असतो.

नवा मोडेम प्रसेनजितला थेट आत घेतो, तरी तो रविवारी एकच रिंग देतो. पेटीच्या पत्र्यातून मला टेबलाची थरथर ऐकू येते, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि मग श्रीपती म्हणतात, "थांब, म्या लावतो." त्या वेळी दारात मी असायला हवी होते, असं मला दर रविवारी वाटतं.