भोंग्याने पुकारलेले अध्यक्ष

मित्रांनो, ग्रामपंचायतीच्या पत्र्यावर वाकड्या तोंडाचा एक जुना भोंगा दिसतो ना, तो मी. कल्याणच्या दुकानातून मला धसईच्या एसटीने इथे आणलं, तेव्हा मी रुपेरी होतो. मुलं खाली उभी राहून स्वतःचं नाव पुकारायला लावत. आता माझ्या गळ्यात गांधीलमाशांनी घर केलंय आणि आवाज घोगरा झालाय.

माझं खरं काम पाण्याच्या पाळ्या पुकारायचं. आमच्या पाणी समितीचा अध्यक्ष ग्रामसभेत हात वर करून निवडतात, तेही ऐन उन्हाळ्यात. जुना अध्यक्ष पुन्हा उभा राहिला की त्याचं काय होतं, हे मी वरून पाहत आलो. कोंडूदादा दुसऱ्यांदा निवडून आला, कारण त्याच वैशाखात नवी मोटर बसली होती. पंढरीमामा त्याच्याहून जास्त राबला. पण सभेच्या तोंडावर मोटर जळली आणि तो पडला. इतकी वर्षं त्याने काय केलं, हे कुणी विचारलंच नाही.

मग रत्नप्रभाताई अध्यक्ष झाल्या. विहीर आटू लागली तसं त्यांनी पाणी दिवसाआड केलं, एक दिवस खालच्या आळीला, एक दिवस वरच्या वाडीला. त्यामुळे टेकाडावरच्या वाडीच्या नळांना पहिल्यांदा पाणी चढलं. खालची आळी मात्र चिडली. बायका ताईंशी बोलेनात.

यंदा ताई पुन्हा उभ्या राहिल्या. समोर शेखर. तो माझ्यातून गरजला, "रोज पाणी देईन!" टाळ्या पडल्या. ताईंच्या हाती माईक आला तेव्हा त्यांची पुतणी प्रियांका कुजबुजली, "काकी, तुमीपण रोज म्हणा ना. निवडून आल्यावर बघू."

ताईंनी मान हलवली. "विहिरीत हाय तेवढंच देता येईल. रोज सोडलं तर वाडी कोरडी राहील. मी खोटं नाय बोलणार."

वाडीच्या जिवलीने सगळ्यांच्या आधी हात वर केला. तिच्यामागून वाडीचे सगळे हात वर गेले. पण ते थोडे होते. ताई पडल्या. त्यांनी व्हॉल्व्हची चावी शेखरला दिली, पदराने तोंड पुसलं आणि गुमान घरी गेल्या.

शेखरने शब्द पाळला. रोज पाणी सुटलं. वाडीच्या बायका पुन्हा हंडे घेऊन ओढ्याकडे उतरू लागल्या. पंधरवड्यात विहिरीचा तळ दिसला. शेखरने माईक धरला. "दिवसाआड" म्हणताच पंचायतीच्या अंगणात जमलेल्या आळीकरांनी शिव्या सुरू केल्या. त्याने माईक खाली ठेवला. तो तडक ताईंच्या दारी गेला आणि ताईंना घेऊनच परत आला.

"वहिनी, तुमी सांगा. माझं कोण ऐकत नाय."

"माझं तरी कुठं ऐकलं रे?" असं म्हणत ताईंनी माईक घेतला. त्यांचा थकलेला आवाज माझ्यातून गावभर गेला.

"शेखर खरं सांगतोय. पाणी संपत आलंय. आज वाडीला जाऊ द्या."

मग आळीतली धोंडीबाई उठली आणि आपल्या नळाची तोटी बंद करून आली.

मित्रांनो, मला भंगारात घाला, चालेल. नाहीतरी घसा बसलाच आहे. पण तोंडावर खरं सांगणारं माणूस जपा. त्याला पाडायचं आणि अडलं की त्याच्याच दारी जायचं, यात ते माणूस फार दमतं हो.