मी सुवर्णाकाकूंच्या उशाशी उभा होतो

मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावी, एका इस्पितळात राहतो. खाली चाकं, वर दोन आकडे, एवढाच माझा संसार. कारखान्यातून आलो तेव्हा इतका चकचकीत होतो, की नर्स माझ्यात बघून केस सारखे करायच्या. आता एक चाक कुरकुरतं, आकड्यांचा मुलामा उडालाय आणि मला कोपऱ्यात ढकलून नव्या स्टँडना आधी नेतात. त्याचं मला फारसं वाटत नाही. माझं दुःख वेगळं आहे, मित्रांनो, आणि ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

मला मराठी कशी येते म्हणाल, तर इथे पुण्या-नागपूरकडची बरीच मंडळी नोकरीला आहेत. त्यांचे आईवडील भेटीला येतात, कधी आजारी पडतात आणि माझ्या शेजारच्या खाटेवर येतात. मुलं त्यांची समजूत घालतात, ती ऐकून ऐकून मी शिकलो.

सुवर्णाकाकू अशाच आल्या. नागपूरच्या. मुलाच्या दारातल्या बर्फावरून घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण रक्त बरंच गेलं. मुलगा यशोधन त्यांचा हात सोडत नव्हता. आई म्हणजे त्याचा जीव की प्राण.

रक्त चढवण्याआधी नर्सने विचारलं, यांना पूर्वी कधी रक्त दिलंय का? बाळंतपणं किती झाली? फोनवर मराठी दुभाषी बोलावू का?

"नो नीड. मी सांगतो," यशोधन म्हणाला आणि इंग्रजीत धडाधड उत्तरं देऊन मोकळा झाला. रक्त? कधीच नाही. बाळंतपण? एकच, माझं.

काकूंनी हात उचलला. "यशू, काय विचारतेय रे ती? रक्ताचं असेल तर..."

"आई, तू टेन्शन नको घेऊस. मी हँडल करतोय ना!"

काकूंनी हात खाली ठेवला. मी लोखंडाचा. मला तोंड असतं, तर तेव्हाच ओरडलो असतो.

रक्तगट जुळला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण लाल पेशींच्या अंगावर आणखी कितीतरी बारीक खुणा असतात. डॉक्टर त्यांना अँटिजेन म्हणतात. आपल्याकडे नसलेली खूण परक्या रक्तातून किंवा पोटातल्या बाळाच्या रक्तातून आली, तर शरीर कधीकधी तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. त्यातली किड नावाच्या खुणेविरुद्धची अँटिबॉडी मोठी लबाड. वर्षं गेली की ती इतकी विरळ होते, की तपासणीत दिसतसुद्धा नाही. शरीर मात्र विसरत नाही. तीच खूण पुन्हा आली, की थोड्याच दिवसांत ते चवताळून उठतं आणि आलेल्या पेशी फोडत सुटतं.

काकूंच्या तपासणीत काहीच दिसलं नाही. पिशवी माझ्या आकड्याला लागली. कुणा भल्या माणसाने दिलेलं रक्त थेंब थेंब उतरत होतं, काकूंच्या गालांवर रंग चढत होता आणि मी वेडा खूश होत होतो. चार लोकांत माझी किंमत तेवढ्यापुरतीच तर असते.

काकू हसत घरी गेल्या. आणि काही दिवसांतच परत आल्या. डोळे पिवळे, लघवी काळपट, मूत्रपिंडं थकलेली. या वेळी अँटिबॉडी ठळक दिसली. डॉक्टरीणबाईंनी यशोधनला हळूच थांबवलं आणि दुभाषी बाईंना फोनवर घेतलं. त्यांनी तोच प्रश्न मराठीत विचारला.

काकू फोनकडे नाही, मुलाकडे बघत बोलल्या. "तुझ्याआधी एक मुलगी झाली होती रे. बारशाआधीच गेली. तेव्हा मला फार रक्त गेलं, बाटल्या चढवल्या. मग तू पोटात असताना डॉक्टर म्हणाले, हिच्या रक्तात काहीतरी आहे, पुन्हा कधी रक्त घ्यायची वेळ आली तर आधी सांगा, जपून जुळवावं लागेल."

"आई, मला कधी बोलली का नाहीस?"

"तिचा विषय निघाला की तुझे बाबा उठून जायचे. मग मीही सोडून दिला. त्या दिवशी सांगणार होते, पण तू बोलत होतास ना रे."

यशोधनने माझा दांडा असा घट्ट धरला, की मी पायापासून हाललो.

मग ती खूण नसलेलं रक्त मागवलं, डायलिसिस केलं. इथल्या माणसांनी काही म्हणजे काही करायचं ठेवलं नाही. पण काकूंचं हृदय दमलं होतं. त्या गेल्या.

नंतर इस्पितळातल्या एक बाई मृत्यूच्या नोंदीसाठी हळू आवाजात माहिती विचारायला आल्या. नाव, गाव, मुलं किती. यशोधन "वन" म्हणायला गेला आणि थांबला. खाटेवरच्या चादरीची घडी त्याने उगाच दोनदा नीट केली.

"टू," तो म्हणाला. "एक मुलगी. आणि मी."

मित्रांनो, मला तेल नको, पॉलिश नको. तुमच्या आजीला, आईला कुणी काही विचारलं, तर प्रश्न तेवढा तिला नीट समजावून सांगा आणि गप्प बसा. ती सावकाश बोलेल, मधेच अडेल, डोळे पुसेल. बोलू द्या तिला.