कोपराखालची हालचाल

जीवशास्त्राची पदवी हातात पडायच्या आधीच तिचं फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण सुरू झालं होतं. दोन डगरींवर पाय ठेवून ती मेटाकुटीला आली होती. आज रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला रामराम ठोकायचा, असं तिने ठरवलंच होतं.

"काका, मनगट उचला," ती पक्षाघात झालेल्या शिंपीकाकांना म्हणाली. हात ढिम्म हलला नाही. तिने तक्त्यात स्नायूच्या ताकदीपुढे शून्य लिहिलं.

"डोळ्यांनी काय बघतेस? हे काय सूक्ष्मदर्शकातून बघायचंय?" तिला शिकवणाऱ्या मॅडम मागून म्हणाल्या. "बोटं ठेव."

तिने काकांच्या कोपराखाली बोटं टेकवली. कातडीखाली मासोळीने शेपूट हलवावी तसं काहीतरी थरथरलं. स्नायू, मज्जातंतू सगळे तिला पाठ होते. माणसाची इच्छा मात्र पहिल्यांदाच हाताला लागली.

"आलं का गं काही?"

"आलं, काका!" तिने शून्य खोडून एक लिहिला. "उद्याही मीच येते."