अकरा रेघा आणि फाटलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी प्रकाशपेटी आहे. नाव भारदस्त असलं, तरी रूप साधंच. पत्र्याचा डबा, आत दोन ट्यूबलाइट आणि वर दुधी काच. कारखान्यातून निघाले ती थेट लहान मुलांच्या दवाखान्यात, भिंतीवर जाऊन बसले. डॉक्टर माझ्यावर एक्स-रे लावत आणि मी उजळले की मोडलेली हाडं, कफाने भरलेल्या छात्या सगळं उघड्यावर येई. पुढे एक्स-रे संगणकावर दिसू लागले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण मी दवाखान्यातच शिकले.

तिथून मला शोधून काढलं ते मॅडमनी. दवाखान्याच्या तळमजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. लहान मुलांना जुलाब-उलट्यांनी पार बेजार करून टाकणारा रोटाव्हायरस नावाचा विषाणू गावात कोणकोणत्या रूपांत फिरतो, याचा त्या माग काढत. माग कशावरून? तर आजारी बाळाच्या शीवरून. आता नाक मुरडू नका. चोर शोधायचा तर चिखलातलीच पावलं पाहावी लागतात.

या विषाणूच्या पोटात जनुकांचे अकरा तुकडे असतात. पातळ, लिबलिबीत पडद्यातून वीज सोडून ते पळवले की लहान तुकडे पुढे जातात आणि मोठे मागे रेंगाळतात. मग पडद्याला रंग दिला की अकरा रेघांची शिडी दिसते. विषाणूच्या प्रत्येक रूपाची, म्हणजे वाणाची, शिडी थोडी निराळी. या पडद्यात एकेका मुलाला एकेक घर दिलेलं असे. पण पडदा आरपार दिसणारा, त्यामुळे उलटा पडला तर डावीकडची मुलं उजवीकडे जायची आणि कुणाला पत्ताही लागायचा नाही. म्हणून पडद्याचा वरचा डावा कोपरा आधी कापून ठेवायचा, असा मॅडमचा दंडक होता.

एका थंडीत गावात जुलाबाची साथ आली. दवाखान्याच्या वॉर्डातली बाळं आजारी पडली आणि जवळच्या पाळणाघरातलीही. संशय अर्थातच पाळणाघरावर गेला. ते चालवणाऱ्या काकू मुलांचे नमुने घेऊन स्वतः प्रयोगशाळेत आल्या. लोक त्यांच्या दारावरून जाताना तोंड फिरवू लागले होते.

"माझ्या हातून लेकरांना काही झालं असेल, तर कुलूप मीच घालीन. पण आधी नीट बघा," एवढंच त्या म्हणाल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.

डाव्या घरांत पाळणाघरातली मुलं, उजव्या घरांत वॉर्डातली बाळं आणि मधोमध तुलनेसाठी नेहमीच्या वाणाचा नमुना, अशी मांडणी झाली. रंग देऊन पडदा माझ्या काचेवर आला. उजवीकडच्या शिड्या मधल्या शिडीशी तंतोतंत जुळत होत्या. डावीकडे मात्र कधी न पाहिलेली शिडी होती. मॅडमनी पाहिलं, डावीकडचा कोपरा नाही, म्हणजे पडदा सरळ आहे. त्यावरून पाळणाघरात अनोळखी वाण निघाला, असा अर्थ झाला. आरोग्य अधिकारी फोनवर ताटकळलेच होते. मॅडमनी त्यांना तसं सांगून टाकलं आणि पाळणाघराला लगेच टाळं लावतो, असं ते म्हणाले.

मित्रांनो, मी खालून पाहत होते. पडदा उलटा होता. खरा कापलेला कोपरा माझ्या काचेबाहेर लोंबत होता, म्हणून कुणाच्या नजरेत आला नाही. मला तोंड असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. पण मी आपली उजेड देत राहिले.

पडदा धरणारा तंत्रज्ञ मॅडमच्या हाताखाली मुरलेला होता. तो खाली वाकला, डावीकडच्या कोपऱ्याची कड त्याने निरखली आणि त्याचा चेहरा उतरला. गप्प बसला असता तर त्याला कुणी विचारलंही नसतं.

"मॅडम, हा कापलेला नाही. उचलताना माझ्या हातून फाटलाय. कापलेला त्या बाजूला आहे."

मॅडमनी पडदा उलटवला, बराच वेळ पाहिला आणि पुन्हा फोन उचलला. "मघाशी मी चुकीचं सांगितलं. घाई मी केली. टाळं लावू नका, मी सगळं परत तपासते."

दुसऱ्या दिवशी नवा पडदा आला आणि शंका फिटली. पाळणाघरातला वाण गावभर घरोघरी फिरत होता तोच होता. अनोळखी वाण दवाखान्याच्या वॉर्डात पसरत होता, अगदी आमच्या डोक्यावर, आणि आम्ही गाव धुंडाळत होतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मॅडमनी काकूंना आत बोलावून सांगितलं. काकूंचे डोळे भरून आले, पण लगेच त्या म्हणाल्या, "माझं राहू द्या. आधी ती बाळं बघा."

आजारी बाळांना वेगळ्या खोलीत हलवलं. खाटांमधलं अंतर वाढलं, प्रत्येक दाराशी साबण आला आणि हात धुतल्याशिवाय मोठ्या डॉक्टरांनाही सिस्टर आत सोडीनात. नव्या वाणाची शिडी दूरदूरच्या प्रयोगशाळांना कळवली, म्हणजे तो त्यांच्या दारी आला तर त्यांनी ओळखावा. पाळणाघर उघडंच राहिलं.

आता विषाणूचा वाण अक्षर न् अक्षर वाचणारं यंत्र आलं आहे. माझ्यावर हातमोज्यांची खोकी ठेवतात आणि माझी एक ट्यूब लुकलुकते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? कधी सवड झालीच तर काच तेवढी पुसा, अजून उजेड बरा पडतो.

पण एक दिवस मला विसरता येत नाही. वॉर्डातलं सगळ्यात धाकटं बाळ घरी निघालं, तेव्हा सिस्टरने त्याचा शेवटचा नमुना आणला. पडदा माझ्यावर पसरला. पडद्यातल्या बाळाच्या घरात एकही रेघ नव्हती. मॅडम, तंत्रज्ञ आणि सिस्टर, तिघंही त्या कोऱ्या जागेकडे पाहत हसत उभे राहिले. आयुष्यभर रेघा दाखवल्या मी, पण त्या रिकाम्या घराएवढं देखणं काही माझ्या काचेवर आलं नाही. म्हणून मित्रांनो, साबणाने हात धुवा, धाकट्या भावंडांना लशीचे थेंब वेळेवर द्यायला आईबाबांना सांगा, आणि आपलं चुकलंय असं दिसलं तर तिथल्या तिथे बोला. वर कुठल्या तरी खाटेवर एखादं बाळ त्याचीच वाट पाहत असतं.