जाडी

"जाडी कुठं जाणार नाही," मिस्त्री म्हणाले आणि उगाचच उठून स्वयंपाकघरातला नळ घट्ट करू लागले. नळ गळत नव्हता.

सून टेबलाशी तशीच बसून राहिली. नकार येणार हे ती धरूनच आली होती. तरी साखर कधीच विरघळली होती आणि ती चहा ढवळतच होती.

जाडी म्हणजे मिस्त्रींच्या मुलाचा चेलो. मिस्त्रींची सारी हयात लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, पण स्वतःचं घर मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. मुलगा शाळेत असल्यापासून ते अवजड वाद्य पाठीवर घेऊन जिने चढायचा आणि धापा टाकत दारात उभा राहायचा. मिस्त्री दार उघडून त्याच्याकडे न बघता पाठीवरच्या पेटीलाच म्हणायचे, "या जाडीबाई, फार दमलात." नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्नानंतर सूनही चेलोला जाडीच म्हणू लागली. मुलगा कुठं परगावी कार्यक्रमाला गेला की मिस्त्री फोनवर आधी जाडीची तब्येत विचारायचे, मग मुलाची.

पुढं मुलाच्याच तब्येतीचं निघालं. रक्ताचा कर्करोग. त्याची आई आधीच गेली होती. एका अर्थी सुटली, असं मिस्त्री म्हणत. मुलगा गेल्यावर सुनेनंच चेलो इथं आणून ठेवला. घरात तो बघवत नाही म्हणाली. मिस्त्रींनी मुलाच्या जुन्या खोलीत, पलंग आणि भिंतीच्या मधल्या जागेत पेटी उभी केली. त्यालाही आता काळ लोटला होता. खोली ते रोज झाडत, पण पेटीचं झाकण त्यांनी एकदाही उघडलं नव्हतं.

आणि आता सून ती मागायला आली होती. ती संगीत लिहायची, वाजवणारे वेगळे. तिनं चेलो आणि वाद्यवृंदासाठी एक मोठी रचना लिहिली होती आणि शहरातल्या मोठ्या सभागृहात ती सादर व्हायची होती. मिस्त्रींना समजेल अशा बेतानं ती सांगत गेली. तीनशे वर्षांपूर्वीच्या, बरोक काळातल्या चर्चमध्ये एक प्रार्थना गायली जायची. वर क्रुसावर मुलगा, खाली उभी त्याची आई, एवढंच त्या प्रार्थनेत. त्या काळच्या किती जणांनी तिला चाली लावल्या. सुनेनं त्या चालींची घडण घेतली, शब्द काढून टाकले आणि आईचा आवाज चेलोला दिला. लिहिताना तिच्या कानात दुसरा कुठला चेलो नव्हताच. जाडीची सगळ्यात खालची तार जरा घोगरी बोलायची. तो घोगरेपणा धरूनच तिनं ते लिहिलं होतं. वाजवणारी बाई नावाजलेली होती, आणि त्या एका संध्याकाळपुरतं स्वतःचं वाद्य बाजूला ठेवायला ती तयार होती.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग नळ सोडून ते वळले.

"आई उभी असते, म्हणालीस."

"हो."

"आणि बाप?"

"बाप नाहीये त्यात, बाबा."

"जुन्या लोकांचं सोड. तू लिहिलंस त्यात?"

सुनेनं खाली बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं. इतकी वाद्यं होती. त्यातल्या एखाद्याकडे बोट दाखवून हे तुम्ही, असं ती म्हणाली असती तर त्यांना काय कळणार होतं?

"लिहिताना तुमची आठवण आली नाही मला," ती म्हणाली. "मी फक्त माझ्यापुरतं लिहिलं."

मिस्त्रींनी मान हलवली. ते रागावले नाहीत. जिन्यातला दिवा गेलाय, सांभाळून उतर, एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर एका दुपारी ते जरा आडवे झाले होते. मुलाच्या खोलीतून ताडकन आवाज आला आणि मागोमाग एक बारीक गुणगुण, लगेच विझून गेलेली. मिस्त्री उठून बसले. खोलीत कुणी असणं शक्य नव्हतं हे कळत होतं, तरी ते त्या दाराकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं ते आत गेले, पेटी पलंगावर आडवी केली आणि कड्या उघडल्या.

तार तुटली होती. पिळा सुटून ती खांबावर चढलेल्या वेलासारखी मानेभोवती गुंडाळली गेली होती. खालच्या अंगाला कडेचा सांधा उकलला होता, नख जाईल एवढा. पेटीतून गजाला चोळायच्या राळेचा वास आला, मुलाच्या बोटांना यायचा तोच. बंद पडलेल्या लिफ्टपेक्षा बंद ठेवलेली लिफ्ट जास्त बिघडते, असं मिस्त्री आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते. आपण हिला सांभाळतोय अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात त्यांनी तिला कोंडून घातलं होतं.

त्यांनी पेटी बंद केली, पट्ट्यांत हात घातले आणि ती पाठीवर घेतली. इतक्या वर्षांत जाडीला त्यांनी कधी असं वाहून नेलं नव्हतं. मुलाची धाप बघून ती अंगावर भलतीच जड होणार असं धरून चालले होते. ती जड नव्हती. जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी पट्टी सारखी केली आणि चालतच सुनेचं घर गाठलं. सुनेनं दार उघडलं. मागं जाऊन तिनं त्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्या उतरवल्या.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्यानं सांधा चिकटवला, तारा नव्या चढवल्या. तालमीला या म्हणून सुनेनं आग्रह केला, तेव्हा मिस्त्री गेले आणि रिकाम्या सभागृहात सगळ्यात मागच्या रांगेत बसले. आधी व्हायोलिनांनी हळूहळू सुरुवात केली. ते त्यांना परकं वाटलं. ऐकायला बरं, पण दुसऱ्या कुणाचं तरी. मग त्या बाईंनी खालच्या तारेवर गज ओढला.

कामावरून येऊन मिस्त्री मोरीत हाताचं ग्रीस धूत असायचे तेव्हा पलीकडच्या खोलीतून हाच आवाज यायचा. इतका रोजचा की त्याच्याकडे लक्षही जात नसे. आपण बसू शकू असं त्यांना वाटलं होतं. ते उठले तशी घडीची खुर्ची खाडकन मिटली, निर्देशकानं वळून बघितलं आणि वाद्यवृंद अर्ध्यात थांबला.

सून बाहेर आली तेव्हा ते पायऱ्यांवर बसले होते. खुर्ची वाजली त्याबद्दल माफी मागत होते. ती त्यांच्या शेजारी बसली. आतून पुन्हा वादन सुरू झालं तरी ती उठली नाही.

"बाबा, एक सांगायचंय. आज सांगणार नव्हते."

तिला दुसऱ्या शहरात संगीत शिकवायचं काम मिळालं होतं. कार्यक्रम झाला की ती जायची होती. आणि तिथं एकजण होता. बऱ्याच दिवसांची ओळख होती, तो सगळं जाणून होता, त्याची कसलीच घाई नव्हती. हे सांगताना तिचा आवाज फार खाली गेला.

मिस्त्री आपल्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हसवतो का तुला?"

"कधी कधी."

"मग जा, पोरी."

ती रडली. मिस्त्रींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढं कोण येईल, कोण दार वाजवेल हे त्यांच्या मनात आलंच, पण ते त्यांनी गिळलं. ती म्हणाली, फोन करत जाईन. ते म्हणाले, वेळ मिळेल तेव्हा कर, माझं काही अडत नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची राखलेली होती. मिस्त्री इस्त्रीचा कोट घालून आले आणि सुनेला बाजूला घेऊन म्हणाले, मला आत मागंच बसू दे. पेटीजवळ कुणीतरी नको का? सून रंगमंचामागच्या दरवानाशी बोलून आली.

तिथल्या खोलीत आरसा होता, कोट अडकवायचा स्टँड होता आणि टेबलावर उघडी, रिकामी पेटी. मिस्त्री तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले. रंगमंच आणि खोलीच्या मधे जाडजूड भिंत होती. व्हायोलिनांचं काही येत नव्हतं. कान लावला तरी जाडीचाही आवाज पोचत नव्हता. भिंतीतून यायचे ते फक्त सगळ्यात मोठ्या, सगळ्यात खालच्या पट्टीतल्या वाद्यांचे सूर. तेही तुटक तुटक. एक, मग दुसरा, मग तिसरा, न थांबता, कुणीतरी शांतपणे पावलं टाकत असावं तसे.

हॉस्पिटलमध्ये मुलाजवळ एका वेळी एकालाच बसू देत. आत सून बसायची आणि मिस्त्री बाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचे. बसले की वाईट बातमी येईल असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. नर्स बसा म्हणाली तरी ते बसायचे नाहीत. त्यांचं ते चालणं कुणी बघितलं नव्हतं. त्यांना आत बोलावलं तेव्हा मुलाचा हात गार पडला होता.

मिस्त्री खुर्चीवरून उठले. आरशापासून दारापर्यंत आणि दारापासून आरशापर्यंत, भिंतीतून येणाऱ्या त्या सुरांबरोबर ते चालू लागले. सूर मंदावले की मिस्त्रीही मंदावत. किती वेळ गेला याचं भान राहिलं नाही. मग भिंत गप्प झाली. मिस्त्री होते तिथंच उभे राहिले. बराच वेळ काहीच नाही, आणि मग टाळ्या.

दार उघडून वाजवणाऱ्या बाई आत आल्या. कपाळ घामानं डबडबलं होतं, डोळे लाल होते. त्यांना सुनेचा हात धरून पुन्हा लोकांपुढं जायचं होतं. त्यांनी चेलो मिस्त्रींकडे दिला.

"जरा धरता का?"

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी धरला. बाई गेल्या. बाहेर लोक उभे राहिले असावेत, टाळ्या वाढतच चालल्या होत्या, आणि त्यात सुनेचं नाव पुकारलेलं ऐकू आलं. चेलोच्या मानेवर जिथं बाईंचा तळवा होता तिथं लाकूड गरम होतं. चेलोच्या पाठीवर, बाईंच्या छातीशी टेकलेल्या जागीही गरम होतं. मिस्त्रींनी त्या जागेवर गाल ठेवला. मग जपून, मान आधी आणि बाकीचं अंग मागून, जाडीला पेटीत निजवलं आणि तिच्यावर हात ठेवून बसले.

लाकूड गार होईपर्यंत त्यांनी झाकण लावलं नाही.