सातव्या दिवसाच्या पेशी

सोमवारी सकाळी त्रिवेणीने इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. बशांमधलं केशरी द्रावण जांभळट गुलाबी झालं होतं. पेशींना लागणारा सिलिंडरमधला गॅस संपला होता. सात दिवस जोपासलेल्या पेशी मेल्या होत्या.

नव्या सिलिंडरसाठी तिने तीनदा अर्ज दिला होता. भांडारातल्या सुधीरने तिन्ही वेळा कुठली ना कुठली सही राहिली म्हणून तो परत पाठवला. आता ती पुन्हा भांडारात गेली, तेव्हाही त्याने शांतपणे कागद चाळले आणि अर्ज जुन्या नमुन्यातला असल्याचं सांगितलं. बावीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या त्रिवेणीला वाटलं, याच्यापेक्षा जंतू परवडले.

पेशी केशवरावांच्या रक्तातल्या होत्या. क्षयाच्या जंतूच्या एका भाऊबंदाने चार वर्षं त्यांचं फुप्फुस पोखरलं होतं. औषधं थकली होती. रोगाशी लढणाऱ्या पेशी शरीराबाहेर वाढवून त्या जंतूवर सोडता येतील का, हे इथे तपासत होते. अकरा वाजता केशवराव घरून यायचे होते. प्रयोग चालवणारे डॉक्टर मीटिंगला निघून गेले. म्हणजे सांगायचं तिनेच.

केशवराव आले, बाकावर बसून त्यांनी धाप ओसरू दिली. त्रिवेणीने सगळं सांगितलं, सुधीरच्या सह्यांसकट. शेवटी म्हणाली, "चूक आमची आहे, काका. पुन्हा रक्त मागायची लाज वाटते मला."

"पेशी पुढे ढकलली, एवढंच ना?" सदतीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेल्या त्यांना सुनावणीच्या तारखेसाठी हाच शब्द ठाऊक होता. "पण बेटा, यातून मला काही मिळेल?"

"तुम्हाला नाही. अजून बरीच वर्षं लागतील."

"हौ. इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं."

तिने मोबाइल काढून शुक्रवारी सूक्ष्मदर्शकातून घेतलेला फोटो दाखवला. पेशींना पाय फुटल्यासारखे दिसत होते.

"या माझ्या?"

"तुमच्याच."

"आता नाहीत?"

"नाहीत."

त्यांनी मोबाइल डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताची बाही वर सारायला तिला खुणावलं. रक्ताने नळी भरेपर्यंत ते फोटोच पाहत होते. पडदा विझू लागला की अंगठ्याने त्याला हलकेच स्पर्श करत होते.